खडे

कुताइसीच्या इस्पितळात, धोबीखान्याच्या भिंतीला लागून
माझं ग्रंथालय: चार संगणक, एक रॉकेलची शेगडी
आणि जुन्या रशियन मासिकांचे गठ्ठे,
ज्यांच्यावर मी आता जिरेनियमच्या कुंड्या ठेवते.

मंगळवारी चार वाजता सर्जन शिकायला येतात.
म्हणजे येतात सव्वापाचला,
कोपरापर्यंत साबणाचा वास घेऊन,
शाळा सुटल्यावर डांबून ठेवल्यासारखे बसतात.
ज्या बोटांनी सकाळी एका मुलीच्या
दोऱ्याएवढ्या शिरेला टाका घातला
ती बोटं माउस धरतात
जिवंत बेडूक धरल्यासारखी.

मी सांगते, पहिलं सापडलं ते उत्तर नव्हे.
वर आलं म्हणून खरं मानू नका,
साय वर येते, तसा फेसही येतो.
कोणी लिहिलंय? कधी? किती रोग्यांवर?
त्यातले किती मध्येच नाहीसे झाले, आणि का?
पैसे कोणाचे?

इमेदा हसतो: लामझीरा, तू तर
स्थळाची चौकशी केल्यासारखं विचारतेस!
मग? मी म्हणते,
यांच्या शब्दावर कोणाचं तरी पोट उघडणार ना तुम्ही?

त्यानंतर जरा शांत होतात.

तीन शब्द शिकवते. आणि. किंवा. नको.
‘किंवा’ने जाळं पसरतं,
‘आणि’ने आवळतं, फार आवळलं तर हाती काहीच लागत नाही.
‘नको’ जपून वापरा,
नको म्हणता म्हणता हवं तेही जातं.
(हे शेवटचं मी त्यांना सांगत नाही.
हे माझं मला माहीत.)

माझी आई राजमा निवडायची खिडकीपाशी बसून.
खडा राजम्याच्याच रंगाचा असतो, म्हणायची,
डोळ्यांवर विसंबू नकोस, बोटांनी विचार.
सर्जन मंडळींना हे लगेच कळलं.
बोटांचं काही सांगितलं की त्यांना कळतं.

एक जुंबेर सोडून.
जुंबेर, वय सदुसष्ट, खिडकीशी, कोट अंगात तसाच.
हाताच्या कांकणाला आरसा कशाला, असा चेहरा.
दोन मंगळवार नुसता बसून गेला.
तिसऱ्या मंगळवारी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत,
त्याने लिहिलं: पित्ताशय आणि नळी.
काढल्यानंतर पोटात ठेवायची ती नळी.
तीस वर्षं ठेवत आलाय. त्याच्या गुरूनेही ठेवली.

मी काही बोलले नाही.
तोच खाली खाली गेला. एक चाचणी. दुसरी.
मग अनेक चाचण्या एकत्र तोललेला एक लेख,
तो त्याने दोनदा वाचला, ओठ हलवत.
नेहमी ठेवून फायदा दिसत नाही, असं काहीसं.
दुखणं मात्र जास्त.

हे केव्हाचं? त्याने विचारलं.
मी साल दाखवलं.
त्या हिवाळ्यात, तो म्हणाला,
आम्ही ट्रकच्या बॅटरीवर दिवा लावून ऑपरेशन करत होतो.
त्यात तक्रार नव्हती. हिशेब होता बहुतेक.

इमेदा चहा आणायला उठला तो उठलाच.
बाहेर धोबीखान्याचं यंत्र
चादरी पिळत होतं.

कोट नीट करत जुंबेरने विचारलं:
आणि ज्यांना ठेवली, दुखून दुखून रात्रभर जागले,
त्यांची नावं कशी शोधायची?
ती इथे नाहीत, मी म्हणाले.
किंवा? त्याने विचारलं.
मला आधी कळलंच नाही की तो धड्यातला शब्द वापरतोय.
किंवा तळघरातल्या नोंदवह्या, मी म्हणाले,
उंदरांनी ठेवल्या असतील तेवढ्या.

पुढच्या मंगळवारी तो आला चारला.
बरोब्बर चारला.
शेगडी पेटली नव्हती अजून.
काखेत दोन वह्या, कडा कुरतडलेल्या,
बाहीवर धूळ,
आणि चष्मा मात्र घरी विसरलेला.