उणे अठरा

माझी नोकरी खिशात मावते.
सोहार बंदरातले दोनशे बारा थंड कंटेनर
मी घरबसल्या राखते :
केळी तेरावर, औषधं पाचावर,
कोळंबी उणे अठरावर.
कुठे पारा हलला की फोन टिटवीसारखा ओरडतो,
मग पोळी तव्यावर सोडून
मी यार्डातल्या सलीमला उठवते,
परतते तोवर पोळीचा पापड.

‘कुठूनही कर,’ याकूबसाहेब म्हणाले होते पहिल्या दिवशी,
‘शाळेच्या फाटकातून कर, बाजारातून कर. वेळ तुझी.’
खोटं नव्हते बोलले.
ऋजुताला कांजिण्या आल्या तेव्हा
अकरा दिवस मी तिच्या उशाशी होते,
एकही रजा न मागता.
मशिदीमागच्या कडुनिंबाचा पाला आणला,
तिच्या अंगावरून फिरवत राहिले
डाव्या हाताने.
उजव्या हाताचं मी कुणाला सांगत नाही.

वेळ माझी.
म्हणजे पहाटे तीनचीही माझीच.

हेरंब स्मेल्टरवर, पाळ्या बदलत्या.
तो येतो तेव्हा मी जागी, झोपतो तेव्हाही जागी.
म्हणतो, तू घरी असतेस ते बरंय.
मी म्हणते, हो.
फ्रिजवर चुंबकाखाली आमची बेरीज :
भाडं, फी, चिपळूणच्या फ्लॅटचा हप्ता,
आणि माझ्या पगाराभोवती
त्याने दोनदा काढलेला गोल.

आता शाळेतूनच पत्र आलंय.
हिशेबाची जागा, सात ते अडीच.
अडीचला कपाटाला कुलूप, किल्ली शिपायाकडे.
पगार निम्म्याहून जरा वर.
गुरुवारपर्यंत कळवा.

रविवारपासून तोलतेय.
एका पारड्यात ती किल्ली,
दुसऱ्यात ते अकरा दिवस.
(शाळेत कांजिण्यांना किती रजा मिळते,
विचारायचं धाडस झालं नाही.)

ऋजुता घरी येते, दप्तर टाकते,
‘आई, आज केळी बरी आहेत का?’
बरी आहेत.
‘आणि कोळंबी?’
आजीचा फोन आला होता का,
हे ती त्यानंतर विचारते.

आज गुरुवार.
संध्याकाळी फोन गाडीत ठेवून आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो.
वाळू अजून तापलेली.
कोळी पिकअपला दोर बांधून जाळं ओढत होते,
इंजिन घुरघुरत मागे मागे, समुद्र हळूहळू पुढे.
ऋजुताने नांगर टाकलेली जहाजं मोजली. नऊ.
‘यातलं तुझं कुठलं?’
सांगता येईना.
चार वर्षं त्यांच्या पोटातले अंश मोजतेय,
रंगावरून एकही ओळखत नाही.

जाळं भरलेलं नव्हतं, रिकामंही नव्हतं.
एका म्हाताऱ्याने तिच्या ओंजळीत तारल्या घातल्या.
तिने माझ्याकडे बघितलं :
‘यांना किती लागतं?’

गाडीत तीन अलार्म.
दोन आपोआप मिटलेले, तिसरा अजून ओरडत होता.
दार उघडं, एक पाय बाहेर,
मी सलीमला फोन लावला.
ती काही बोलली नाही.
चपलांतली वाळू ओतली, आधी स्वतःच्या, मग माझ्या,
अगदी हलक्या हाताने.
कामात असलेल्या माणसाशेजारी कसं बसायचं
हे तिला येतं.
मी शिकवल्याचं आठवत नाही.

उत्तरात एवढंच लिहून झालंय :
‘आदरणीय मुख्याध्यापिका,’
स्वल्पविरामापुढे कर्सर
उघडतोय, मिटतोय.
मागच्या सीटवर पिशवीत तारल्या,
घर अजून बावीस मिनिटं.
‘एसी पूर्ण कर,’ ऋजुता म्हणते.
‘आपल्यासाठी नाही.’