हान बाईंची वही

मे महिना. एसी बुटीबोरीपासूनच धापा टाकून राहिला होता.
मागच्या सीटवर हान बाई, मांडीवर वही,
हिरव्या शाईनं आखलेल्या चौकटी.
दोन दिवस, सात शाळा.
मी ड्रायव्हर, पण प्रत्येक गेटवर पहिला प्रश्न मलाच :
घरापासून इथवर किती मिनिटं?
आज बावीस, मी म्हणायचो. शाळा उघडल्यावर चाळीस.
गणपतीत तर विचारूच नका.
बाई बावीस खोडून चाळीस लिहीत.

पहिल्या शाळेनं पोहायचा तलाव दाखवला. निळाशार, कोरडा.
दुसरीनं घोडा. एकच. पोरं दोन हजार.
तिसरीत प्रिन्सिपल म्हणाले, आमच्याकडे एक जर्मन मुलगा होता,
आणि भिंतीवरचा फोटो दाखवला.
पोरगा दात न दाखवता हसून राहिला होता.
बाई त्या फोटोपाशी बऱ्याच वेळ थांबल्या.

सगळीकडे आधी संडास पाहत.
मग मला चौकीदाराकडे धाडत :
विचारा, कोणाला न्यायला उशीर झाला
तर ते पोर तोवर कुठं बसतं?

हे मला कोणी विचारलं नव्हतं.
मीही कोणाला नाही.

मिन्जे नऊ वर्षांचा. आधी चेन्नई, मग स्लोव्हाकियात कुठंसं, आता आम्ही.
कंपनीचा करार तीन वर्षांचा.
तो माझ्या बाजूला बसून गाड्यांचे नंबर वाचायचा,
एकतीस, एकोणपन्नास, चाळीस, पुन्हा एकतीस.
वर्धा रोडवर मी एका ऑटोवाल्याला ओरडलो,
त्यातला एक शब्द त्यानं उचलला.

सहावीकडे जाताना बाईंनी विचारलं,
धनपालजी, तुमची मुलगी कोणत्या शाळेत?
मानेवाड्याला, म्हटलं. मनपाची.
त्यांनी इंग्रजीत काही म्हणायच्या आत
पोरगं मागं न पाहता म्हणालं, "काऊन?"

निवडली नाही जी, म्हटलं.
घराच्या मागं होती.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं,
त्यांच्या लिपीत, सगळ्या गोल आणि काड्या,
चौकटीच्या बाहेर.
मी आरशात पाहिलं. वाचता थोडीच येणार होतं.

शेवटी साहेबांनी फोनवरून तिसरी ठरवली.
कंपनीतल्या तिघांची पोरं तिथंच.
वही पर्समध्ये गेली.
लस्सीसाठी थांबू का विचारलं, तर बाई नको म्हणाल्या,
मिन्जे हो म्हणाला.
थांबलो.

जूनच्या शेवटी शाळा उघडली.
पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं आधीच गेटवर.
पोरगं बाहेर आलं, शर्ट चुरगाळलेला, बाटली हरवलेली,
काही बोललं नाही. नंबर वाचले नाही.

त्या रविवारी दुपारी
मी घरामागच्या शाळेत गेलो. चालत, चार मिनिटं.
चौकीदार नव्हता. कुलूप होतं.
एक पायरी होती, तिच्यावर खडूनं काढलेली लंगडीची घरं
अर्धी पुसलेली.

तिथं सावली किती वाजता येते
ते पाहायला उभा राहिलो.