धोप्याच्या पानावरचं पाणी

नव्या सूक्ष्मदर्शकाला बाजूची चाकी नाही.
तीन दिवस माझी बोटं
ती हवेतच फिरवत राहिली.

आत तेलाचा एक थेंब आहे,
मसुरीच्या डाळीहून लहान,
पाण्याला खेटून काचेत कोंडलेला.
वीज मिळाली की पाणी भिंतीला बिलगतं,
तेलाला रेटतं, तेलाची पाठ फुगते
आणि लांबचं जवळ येतं.
चाळीस व्होल्ट. बेचाळीस. त्रेचाळीस पूर्णांक दोन.
काही सरकत नाही, काही कुरकुरत नाही,
थेंब नुसता कूस बदलतो.

बाबांना सांगितलं तर म्हणाले,
"म्हंजे धोप्याच्या पानावरचं पानी."
नाही हो, म्हणत होते, तोंडातच राहिलं.
धोप्याचं पान पाण्याला टेकू देत नाही,
गोळी होऊन पळतं ते देठाकडे.
वीज काय करते?
पानाची समजूत घालते,
राहू दे, घडीभर बसू दे त्याला.

आमचं बीजकेंद्र म्हणजे दोन खोल्या,
मागे ऐनाची झाडं, पुढे धानाच्या बांध्या.
कोशाची पाखरं रात्री जोड लावतात,
माद्या द्रोणात अंडी घालतात,
मग एकेक मादी खलात.
पोट कुटायचं, खाराचं पाणी घालायचं,
त्यातला थेंब काचेवर.
मला काय बघायचं असतं?
तांदळाच्या कणीसारखं, पण चमकणारं.
ते दिसलं तर त्या मादीची सगळी अंडी चुलीत.
नाही दिसलं तर गाव महिनाभर
गुलेर घेऊन झाडाखाली कावळे हाकलणार.

गेल्या वर्षी मी एक काच पास केली होती.
जुन्या चाकीचे दाते झिजलेले,
नजर ठरता ठरत नव्हती.
पलीकडे अजून अठ्ठेचाळीस काचा होत्या
आणि मला भूक लागली होती.
लटारू शेंड्याच्या ऐनांवर
अळ्या मिऱ्या सांडल्यासारख्या डागाळल्या,
उलट्या लोंबल्या.
त्यानं मला कधीच काही विचारलं नाही.

आज एकशे सतरा नंबर.
द्रोणावर बाबांचं नाव, मुखरू मांढरे.
डोळा लावला न लावला
तोच पावसानं दडी मारल्यामुळे
कोणीतरी धानाला मोटर लावली.
दिवा पिवळा पडला,
थेंब सैलावला,
सगळं दूधपाणी.
मी हात मांडीखाली घेऊन बसले.
विजेशिवाय थेंब स्वतःच्या गोलाईत जातो,
त्याचं तिथं काही अडत नाही.
अडतं ते आपलं.

मोटर बंद झाली. त्रेचाळीस दोन.
कचरा असता तर काळाच राहिला असता.
त्रेचाळीस चार. तीन. दोन.
दोन कणी. शेजारी तिसरी.
चमकल्या.

बाबा दारातच उभे होते.
त्यांना दहा हातांवरून पानाआडची अळी दिसते,
सुईचं नेढं दिसत नाही.
डोळ्यातलं भिंग वयानं निबर होतं,
स्नायू ओढतो, भिंग वाकत नाही,
असं शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या.
"या, बघा."
ते चष्मा काढून वाकले.
मी आकडा हळूहळू उतरवत गेले.
एक्केचाळीस.
"धुकट हाये."
चाळीस.
"आता कायतरी हाये."
एकोणचाळीस सहा.
"थांब."

बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.
मी नुसती त्यांची मान बघत होते,
कॉलरवर बसलेलं एक पाखरू,
थकलेलं, पंखांवर गोल काचेसारखी खिडकी.

मग बाबा सरळ झाले,
आणि ज्या बोलीत ळ कधी आलाच नाही
त्या बोलीत म्हणाले, "जार."

चूल बाहेर आहे. द्रोण हिरवा होता, पेटायला वेळ लागला.
परत आले तर पडद्यावर
त्यांचाच आकडा होता, एकोणचाळीस सहा.
माझ्यासाठी सगळं अंधुक.
एकशे अठरावी काच ठेवून
तो थेंब मी तीन पूर्णांक सहा
परत माझ्याकडे वळवला.