पिशवीवरचं सदतिसावं नाव

तालमीपासून पाण्याच्या खजिन्यापर्यंत
आमची एकेचाळीस दुकानं.
व्यापारी मंडळाची वर्गणी महिन्याला शंभर,
आणि सेक्रेटरी मी,
पिको-फॉलवाली सुलभा हावळ,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि बैठकीची सतरंजी माझ्याकडं असते.

मॉल झाला त्या वर्षी मगदूम अण्णा म्हणाले,
आपण पिशवी काढू. कापडी.
एका अंगाला सगळ्यांची नावं,
दुसऱ्या अंगाला: आधी गल्लीत विचारा.
ते वाक्य माझं.
त्याबद्दल मला चहा मिळाला, तोही निम्मा.

नावांच्या क्रमावरून मात्र तीन बैठका गेल्या.
अक्षरानं लावा, तर अत्तार खूश,
हार्डवेअरचे हिरवे उठून चप्पल शोधायला लागले.
(मी हावळ. मी गप्प.)
वयानं लावा, तर पत्रावळे म्हणतात आजोबांपासून धरा.
भाड्यानं लावा, असं कोण म्हणालं
ते वहीत लिहिलेलं नाही.
शेवटी पायांवर सोडलं:
तालमीकडनं चालत निघायचं,
जे दुकान आधी लागंल ते आधी.

सदतिसावं लागलं मुजावर वॉच.
दुकान कसलं, जिन्याखालचा खण.
हिदायतभाई डोळ्यातलं भिंग न काढताच म्हणाले,
माझं नाव बारीक टाका, तेवढीच शाई वाचंल.

इचलकरंजीहून गठ्ठे आले तो मंगळवार.
हिदायतभाई आदल्या शुक्रवारी गेले.

हजार पिशव्या.
हजार ठिकाणी एक माणूस.
कुणी म्हणालं, पट्टी चिकटवू.
कुणी म्हणालं, हावळबाई आहेत की,
वरनं दोरा मारून घ्या.

मी एक पिशवी मशीनवर घेतली.
सुई त्या ओळीवर आणली.
पाय पायट्यावर ठेवला,
आणि तसाच राहू दिला.
लाईट गेली होती, असं मी मंडळाला सांगितलं.
माझ्या पायमशीनला लाईट लागत नाही
हे एकेचाळीसांनाही ठाऊक आहे.
म्हणजे चाळीसांना.
कुणी काही बोललं नाही.

पिशव्या वाटल्या, दोनशेच्या खरेदीला एक.
मग त्या दिसायला लागल्या
केएमटीच्या दांड्याला, डंकावर मिरचीखाली,
सीपीआरमध्ये कुणाच्यातरी उशाशी
मोसंब्यांनी फुगलेल्या.
खपाचं विचाराल तर
हिरव्यांचे खिळे वाढले म्हणतात, माझं फॉल तेवढंच.

गौरीच्या आधी मुरगूडकडचा एक माणूस आला.
बोट पिशवीवर, सदतिसाव्या ओळीवर.
हे कुठं? वडलांचं घड्याळ आहे,
चावी बसत नाही.
मी तोंड उघडणार
तर अत्तारांचा समीर दुकानातनं ओरडला,
ठेवा की इथं. गुरुवारी या.
आणि उदबत्तीच्या खोक्याच्या पाठीवर
पावती लिहून दिली.

लक्ष्मीपुरीत एकशे ऐंशी घेतले.
माणसाला एकशे वीस सांगितले,
हिदायतभाईंचा दर तेवढाच होता.
साठ रुपये माझ्या वहीत:
प्रसिद्धी खर्च.

तेव्हापासून नऊ घड्याळं झाली.
एक तर नुसता सेल गेलेलं,
त्याचे आम्ही घेतले नाहीत,
तेही घ्यायचे नाहीत.
हिशेब तपासनीसानं विचारलं, ही कसली प्रसिद्धी?
अण्णा म्हणाले, जाहिरात.
आणि त्याच्यापुढं भडंगाची ताटली सरकवली.

परवा दुसऱ्या हजाराचा नमुना आला.
अण्णांनी चष्मा कपाळावरनं खाली घेतला,
एकेक नाव मोठ्यानं वाचलं.
दोन दुकानं गेली होती, ती काढली.
एक मोबाईलवाला नवा, तो घातला.
छत्तीस.
सदतीसला थांबले.

हे एवढं बारीक का?
या खेपेला मोठं करू.

नको, म्हटलं,
त्यांनी सांगितलंय तसंच.