वजन आल्यावर

टुक.
आरवलीच्या उतारावर ब्रेकवर पाय ठेवला की.
सपाटीवर नाही, मोचेमाडच्या वळणावर नाही,
फक्त थांबताना, डाव्या अंगाने,
कुणी बोटाच्या पेराने दार वाजवावं
आणि उघडायच्या आत निघून जावं तसं.

दोन महिने मी रेडिओ मोठा केला.

मागच्या सीटवर निळी थंडपेटी,
तिच्यात रेडी-शिरोड्याची रक्तं,
नळ्यांवर माझ्याच अक्षरात नावं:
जयवंतीची साखर,
खाणीवरच्या तिघांची कावीळ,
एका पहिलटकरणीचं हिमोग्लोबिन.
सव्वादहाच्या आत वेंगुर्ल्याला पोचायचं.
फार हिंदकळलं तर रक्त नळीतच फुटतं,
मग परत टोचायला जा,
आणि लोक विचारतात, काल घेतलंत त्याचं काय केलंत?

इनासने आधी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.
टायरपाशी उकिडवा बसला,
आतल्या कडेवरून तळवा फिरवला, झिजली होती, गुळगुळीत.
"एका कुशीर चलता ही.
स्टेअरिंग डाव्या अंगाक वडता मां?"
ओढत होतं.
मला वाटायचं रस्ताच कललाय, समुद्राकडे.

जॅक. खाली लाकडाचा ठोकळा.
चाक काढून फणसाच्या बुंध्याला टेकवलं.
मग पहार घालून त्याने खालचा आर्म उचकटून पाहिला,
आणि तो हलला.
करंगळीच्या नखाएवढा, पण जिथे हलू नये तिथे.
टॉर्च मारून म्हणाला, "बघ."

रबराला चिरा,
मे महिन्यात टाचेला पडतात तशा, आत लाल नसलेल्या.
मधली नळी सरकून एका बाजूला टेकलेली,
लोखंडाला लोखंड.
अकरा वर्षं ते दोघांच्या मधे होतं
आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं.
बुश. सावंतवाडीला मिळतो. जोडीने घ्यायचा,
एका बाजूचा गेला म्हणजे दुसरा वाटेवरच असतो.

खाऱ्या वाऱ्याने बोल्ट गिळला होता.
इनासने डिझेल सोडलं
आणि फिलूला चहा टाकायला सांगितलं.
आम्ही चहा प्यालो. बोल्ट डिझेल पीत राहिला.
बशी ठेवताना तो म्हणाला, "आता येतलो."
आला.

वाइसमध्ये आर्म, वर जुना सॉकेट, मग हळूहळू दांडा,
बिळातून कुर्ली निघावी तसा जुना बुश निघाला,
हट्टाने, पाठमोरा.
नव्याला मी ग्रीसचा डबा पुढे केला. शहाणपणा.
"ग्रीस नको. ग्रीस रबराक खाता."
कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी लावलं त्याने,
खुणेला खूण जुळवली आणि आत बसवला.

दोन्ही बोल्ट घातले. पाना काढून ठेवला.
मी म्हटलं, आवळ की.
"आत्ता नाय.
खाली उतरव तिका. आपल्या पायार उभी रवांदे,
आपला वजन घेवंदे, मगे.
अधांतरी आवळल्यार जल्मभर पिळलेलाच रवतला."

चाक चढलं. जॅक उतरला.
गाडी बसली, दोनदा बॉनेट दाबून सोडलं, पुन्हा बसली,
आणि तेव्हा तो पाठीवर झोपून खाली सरकला.
शेवटची आवळणी मला दिसली नाही,
नुसते त्याचे पाय दिसले, रबरी चपला, टाच फुटलेली.

दुसऱ्या दिवशी आरवलीचा उतार.
पाय ठेवला. काही नाही.
मी चुकून पुन्हा ठेवला.

मग ऐकू आलं,
इतके दिवस त्या टुकच्या मागे लपलेलं:
पेटीत नळ्या एकमेकींना लागत होत्या,
अगदी हलक्या,
जयवंती, खाणीवरचे तिघे, ती पहिलटकरीण.
शिरोड्याच्या वळणाआधी थांबले आणि
मधे रुमाल कोंबला.

जुना बुश इनासच्या पोराने मागून घेतला.
रबर चुलीत जाळून फिलूची बोलणी खाल्ली,
आतली नळी दोरीला बांधली, गरीला वजन म्हणून.
काल तेरेखोलच्या खाडीत तुटली म्हणे.
मासा मोठा होता, तो सांगतो.