कळ

बेकर्सफील्डच्या उत्तरेला, नदीपलीकडे,
तेलाचे पंप दिवसरात्र माना हलवतात.
कुणाला होकार देतात, देव जाणे.
तिथे आमचं पत्र्याचं घर, आणि पुढच्या खोलीत
चार पायांवर उभी, चादरीखाली झाकलेली
वडिलांची पेडल स्टील.
पाहुण्यांना वाटे, इस्त्रीचं टेबल.
आईनं एकदा खरंच तिच्यावर शर्ट इस्त्री केला
आणि तीन दिवस घरात कुणी बोललं नाही.

गिटार कुशीत घेतात. हिच्यासमोर मात्र
जेवायला बसल्यासारखं बसावं लागतं:
डाव्या हातात पोलादाची कांडी,
उजव्या बोटांना नख्या,
पायाखाली तीन पट्ट्या, गुडघ्यांशी कळा.
गुडघा बाजूला रेटला की
एकच तार, बाकीच्यांना सोडून,
अर्धा सूर वर सरकते,
भरल्या घरातून एकटीच उठून
दारात जाऊन उभी राहणाऱ्या बाईसारखी.

वडिलांचा उजवा गुडघा
अठ्ठावन्न साली विहिरीवरच्या साखळीनं फोडलेला.
डॉक्टर म्हणाला, टेकू नका.
ते म्हणाले, टेकायचा कुठंय, रेटायचाय.

ओक्लाहोमातून धुळीपुढे पळून आले तेव्हा ते सहा वर्षांचे.
कापूस वेचणाऱ्यांच्या छावणीत, शेजारच्या तंबूत
किआवे नावाचा हवाई बेटांवरचा माणूस
चाकूच्या पाठीनं तारा घासायचा.
सूर पायऱ्या चढत येऊ नये, म्हणायचा,
समुद्रासारखा यावा.
वडिलांनी समुद्र पाहिला नव्हता.
धूळ पाहिली होती. तीही तशीच येते.

एकोणसत्तरचा ऑगस्ट. सावलीत एकशे आठ डिग्री.
लॉस एंजेलिसहून एक व्हॅन आली,
तिच्यातून चार मुलं उतरली, केस खांद्याखाली,
एकाच्या कोटावर अफूची फुलं भरलेली.
वडिलांनी जाळीचं दार उघडलं नाही.
न्हाव्याला पैसे कमी पडत असतील तर देतो, म्हणाले.
फुलांचा कोट घाम पुसत म्हणाला,
माझी आई इस्त्री करताना रेडिओवर तुम्हाला ऐकायची.
वडिलांनी वळून आईकडे पाहिलं.
दार उघडलं.

मी नऊ वर्षांची. स्टुडिओत मलाही नेलं.
ढोल असा की कपातली कॉफी थरथरे,
विजेच्या गिटारी पत्रा फाडल्यासारख्या,
आणि मधोमध वडील, इस्त्रीच्या शर्टात,
चुकून परक्या लग्नात शिरलेल्या माणसासारखे.
पाचव्यांदा वाजवताना त्यांनी गुडघा रेटला
आणि रेटूनच धरला.
काचेपलीकडचा मुलगा उठून उभा राहिला:
हेच! हेच रडणं हवं होतं!
रडणं नाही, वडील म्हणाले, गुडघा आहे.

चाळीस डॉलर मिळाले.
तबकडीच्या पाकिटावर डेल्मर हॉलिफील्डचं
एल्मर झालं.
बारमधल्या जुन्या दोस्तांनी टेबल बदललं,
चर्चमधल्या बायकांनी आईला विचारलं,
घरी सगळं ठीक ना?
तबकडी खपली नाही. कुणाला नवल वाटलं नाही.

परवा डेलानोहून एक मुलगी आली, मारिसोल अरेगीन.
दंडावर द्राक्षाचा वेल गोंदलेला,
आजोबा मळ्यात द्राक्षं तोडायचे, रात्री अकॉर्डियन.
जुन्या सामानाच्या दुकानात एक डॉलरला
तिला ती तबकडी सापडली होती.
दुसऱ्या बाजूच्या शेवटी, म्हणाली,
एक सूर आहे, तो संपतच नाही.
कोण होता हा एल्मर?

मी चादर ओढली.
ती बसली. पाय पुरेनात,
फोनबुकांवर फोनबुकं रचून दिली.
गुडघा लावला. हलेना.
जाम झालंय, म्हणाली.
जरा कळ काढ, मी म्हणाले.

मग ती एकच तार उठली आणि दाराशी गेली.
माझा गुडघा धडधाकट आहे. तरी
मला खुर्चीचा हात धरावा लागला.

तिनं किंमत विचारली.
म्हटलं, आधी नाव नीट लिहून घे.
डेल्मर. ड पहिला.
कागद नव्हता. तिनं तळहातावर लिहिलं,
आणि शाई वाळेपर्यंत
मूठ मिटली नाही.