नाव ठेवताना

शिडी मी धरली होती, अक्षरं लेरॉयनं उतरवली.
पितळेची, वीत-वीतभर, मागून हिरवी पडलेली.
पहिल्यामागून सुकं गवत निघालं आणि एक पीस.
शेवटचं काही केल्या निघेना.

ग्रिग्ज हॉल.
म्हातारा ग्रिग्ज लाकडाचा व्यापारी,
ओहायो नदीतून ओंडके सोडायचा.
पैसे दिले, सोबत अट दिली:
इथे कोण झोपेल, कोण नाही.

समितीनं दोन वर्षं नावं ठेवली,
मग एक नाव ठेवलं.
ओडेसा प्रुइट, तळघरातली धोबीण.
एकतीस वर्षं वरच्या सगळ्या पलंगांच्या चादरी
तिच्या हातून गेल्या.
मागच्या दारानं यायची, शेवटच्या बसनं जायची.

नवं नाव लांब. जुनी भोकं जुळेनात.
मी सिमेंट कालवून ती बुजवली,
तरी तिरप्या उन्हात दिसतात.

भाषणं संपल्यावर तिची नात व्हर्नेल,
सत्तरी ओलांडलेली, काठी टेकत माईकपाशी आली.
म्हणाली, नाव सरळ बसलंय.
मला फक्त एक खोली द्या, आजच्या रात्रीपुरती.

डीन हसले. मग हसायचे थांबले.

तिसऱ्या मजल्याची किल्ली माझ्याच जुडग्यात होती.
पिशवीतून तिनं घरची चादर काढली,
इस्त्रीची घडी मोडली,
आणि कोपरे असे दुमडले
की मी दारातच उभा राहिलो.

सकाळी किल्ली परत देताना म्हणाली,
रेडिएटर फार वाजतो हो रात्रभर.
मी वहीत नोंद केली.